गाडी विकली, विमा कोणाचा?
(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेले भाषण)



आपल्या बेळगावात कोल्हापूर-सांगलीकडची एम.एच. पासिंगची जुनी गाडी घेणारे पुष्कळ. सह्या होतात, पैसे दिले जातात, चावी मिळते. विम्याचा कागद गाडीतच असतो. त्यावर मुदत मार्चपर्यंत दिसली की घेणारा निर्धास्त.

पण विमा गाडीचा असला तरी करार माणसाशी असतो. ज्याचे नुकसान, त्यालाच भरपाई, हे त्यातले मूळ तत्त्व. गाडी विकल्यावर जुन्या मालकाचे तिच्यात काही उरत नाही आणि नव्याचा कंपनीशी करारच झालेला नसतो. अशा वेळी गाडी ठोकली तर कंपनी दोघांनाही नाही म्हणू शकते.

रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला मात्र कायदा वाऱ्यावर सोडत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १५७ प्रमाणे थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर आपोआप नव्या मालकाकडे जातो. त्याने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसीवर आपले नाव लावून घ्यायचे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग असा आपोआप येत नाही. नो क्लेम बोनसही माणसाचा, गाडीचा नव्हे. तो जुन्या मालकाकडेच राहतो. नव्याने फरक भरायचा.

हप्त्याचा चेक वटला नाही तर? हप्ता हाती आल्याशिवाय कंपनीने जोखीम घेऊ नये, असे विमा कायद्याचे कलम ६४ व्हीबी सांगते. तरीही २०१२ च्या लक्ष्मम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की पॉलिसी रद्द केल्याचे अपघातापूर्वी मालकाला कळवले नसेल तर तिऱ्हाइताची भरपाई कंपनीनेच द्यावी. पण ती रक्कम कंपनी नंतर मालकाकडून वसूल करू शकते, हे लक्षात असू द्या. म्हणजे सुटका जखमी माणसाची, आपली नव्हे.

आता विकणाऱ्यांसाठी. २०१८ च्या नवीन कुमार खटल्यात गाडी विकून बराच काळ लोटला होता, ती हातोहात फिरलीही होती. आर.सी.वर नाव मात्र पहिल्याचेच. भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली! आपल्याकडे 'पाहुण्यांतलाच आहे, करील सावकाश ट्रान्सफर' म्हणून वर्षानुवर्षे तसेच राहते.

कलम ५० नुसार विक्री राज्यातल्या राज्यात असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे. परराज्यात असेल तर एन.ओ.सी. घेऊन ४५ दिवसांत पुढची कागदपत्रे द्यायची. निपाणीच्या पलीकडे महाराष्ट्र लागतो, म्हणून आपल्याला बहुधा हा दुसरा नियमच लागू. एन.ओ.सी. हाती येण्याआधी चावी देऊ नका, मागणारा पाहुणा असला तरी.