कागदपत्रांविना स्थलांतरित : समज आणि वस्तुस्थिती

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या एका लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला परत आणून सोडले. पंजाब, हरियाणा व गुजरातच्या लोकांबरोबर त्यांत महाराष्ट्रातीलही तिघे होते. वैध कागदपत्रांविना परदेशी राहणाऱ्यांचा प्रश्न महाराष्ट्रालाही परका नाही, हे त्यावरून ध्यानात यावे. कायद्याचे उल्लंघन समर्थनीय नाही. तथापि अशा लोकांच्या आर्थिक परिणामांविषयी अमेरिकेत जे समज रूढ आहेत, ते वस्तुस्थितीच्या कसोटीवर पारखून घेणे इष्ट होय.

करांचा भरणा

हे लोक कर भरीत नाहीत, हा पहिला समज. वस्तुतः दुकानातील खरेदीवरचा कर कोणालाच चुकत नाही. मालमत्ता कराचा बोजा घरभाड्यातून भाडेकरूवर येतो आणि अनेकांच्या वेतनातून कर परस्पर कापला जातो. वॉशिंग्टन येथील कर व आर्थिक धोरण संस्थेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात या वर्गाने सुमारे ९,६७० कोटी डॉलर कर भरला. त्यापैकी सुमारे २,५७० कोटी डॉलर सामाजिक सुरक्षा निधीत गेले. त्या निधीतून मिळणाऱ्या निवृत्तिवेतनावर मात्र यांना, कागदपत्रे नसल्यामुळे, हक्क सांगता येत नाही.

सरकारी साहाय्याचा भार

दुसरा समज असा की, हे लोक सरकारी साहाय्यावर जगतात. अन्नसाहाय्यासारख्या बहुतेक केंद्रीय योजनांना ते पात्रच नाहीत. तातडीचे वैद्यकीय उपचार त्यांना मिळतात. त्यांच्या मुलांना सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिला. या खर्चाचा मोठा वाटा राज्ये व स्थानिक संस्था उचलतात, तर करांचा मोठा भाग केंद्राकडे जातो. स्थानिक जनतेची तक्रार म्हणूनच अगदी निराधार नाही. परंतु तिचे मूळ महसुलाच्या वाटपात आहे.

रोजगाराचा प्रश्न

हे लोक स्थानिकांचा रोजगार हिरावतात, हा तिसरा समज. १९४२ पासून मेक्सिकोतून कंत्राटी शेतमजूर कायदेशीरपणे आणण्याची अमेरिकेची योजना १९६४ अखेर बंद झाली. स्थानिक मजुरांची मजुरी वाढेल, अशी त्यामागे अपेक्षा होती. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र तशी वाढ आढळली नाही. मळेवाल्यांनी टोमॅटो काढण्याची यंत्रे आणली आणि जेथे यंत्र चालेना तेथील पिकेच कमी केली. अल्पशिक्षित कामगारांच्या वेतनावर स्थलांतराचा काय परिणाम होतो, याबाबत अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत, हेही नमूद केले पाहिजे.

खरा धोका

खरा धोका निराळाच आहे. मालकाने मजुरी बुडविली तरी हा कामगार हद्दपारीच्या भीतीने दाद मागत नाही. तो गप्प राहतो म्हणून त्याला कमी मजुरीत राबविता येते, आणि मग शेजारी काम करणाऱ्या नागरिकाचाही भाव उतरतो. १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर वास्तव्य मिळाले. त्यानंतर त्यांच्यापैकी अनेकांची वेतने वाढल्याचे अभ्यासांतून दिसले. परदेशी कोणास प्रवेश द्यावा, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे. परंतु जो आधीच राबत आहे त्याच्या श्रमाचे मोल बुडणार नाही, अशी व्यवस्था करण्यात स्थानिक श्रमिकाचेही हित सामावलेले आहे.