'ढ' कुणाला म्हणायचं?

(ॲन आर्बर येथील पालक मेळाव्यातील भाषण)

वाचनात मागे पडणाऱ्या मुलांना मी इथे शिकवते. आपल्यातले आई-बाबा भेटले की पहिलं वाक्य ठरलेलं, "तसा हुशार आहे हो, पण आळशी!" मग हळूच दुसरं, "घरात मराठी बंद करू का?"

अजिबात नको. दोन भाषा कानावर पडल्यामुळे डिस्लेक्सिया होत नाही. मराठी तोडून वाचन सुधारणार नाही, आजीशी बोलणं मात्र तुटेल.

अडचण वेगळीच असते. आपला 'क' कुठेही 'क'च. इंग्रजीतला 'सी' मात्र 'कॅट'मध्ये 'क' आणि 'सिटी'मध्ये 'स'! अक्षरं 26, ध्वनी साधारण 44. त्यात काही मुलांना शब्दातले ध्वनी सुटे करताच येत नाहीत. मग ती चित्र बघून अंदाज ठोकतात. लिहिलेलं असतं 'हॉर्स', वाचतात 'पोनी'. त्यांना "नीट बघ" म्हणून काय होणार?

सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी 1930च्या दशकात यावर पद्धत बसवली. मी कॅरमच्या सोंगट्या घेते. 'शिप' म्हटलं की मूल तीन सोंगट्या सरकवतं: श्, इ, प्. मग अक्षरं. 'एस' आणि 'एच' दोन, पण सोंगटी एकच, हे तिथे डोळ्यांना दिसतं. मग तेच रव्याच्या ताटात बोटाने गिरवायचं, तोंडाने म्हणत. शिकवलेल्या ध्वनींचेच शब्द वाचायला द्यायचे, पुढची उडी नाही. कंठापासून ओठांपर्यंत व्यंजनं लावणाऱ्या आपल्या वर्णमालेला हे परकं वाटू नये! पण काम चिवट आहे; महिने लागतात, कधी वर्षंही.

"आमच्या वेळी नव्हतं असलं काही," असं आजोबा म्हणतात. होतं की! त्याला आपण 'ढ' म्हणायचो आणि मागच्या बाकावर बसवायचो. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन 1996 सालीच सुरू झाली.

आपल्या मिशिगनमध्ये 2024 साली कायदा झाला. 2027-28 पासून शाळांना किंडरगार्टन ते तिसरीच्या मुलांची वाचन-चाचणी करून अशी लक्षणं हेरावी लागतील. पण तुमचं मूल आज दुसरीत असेल तर थांबू नका. शाळेकडे तपासणीची मागणी लेखी करा, तारीख घालून. तोंडी सांगितलेलं हवेत विरतं. अर्जाचा नमुना मी आणलाय. मागच्या टेबलावर, चकल्यांच्या शेजारी ठेवलाय.