फोटोतला माणूस ओळखू आला पाहिजे
(रौप्यमहोत्सवी वर्षातील रविवारच्या गप्पांमध्ये एका सभासदाने केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘घरच्या घरी चांगला फोटो’. तो माझ्याच गळ्यात का पडला, हे तुम्हाला ठाऊक आहे. स्मरणिकेसाठी मूळ सभासदांचे फोटो काढायचे ठरले, बाहेरच्या फोटोग्राफरचा खर्च ऐकून कमिटी गप्प झाली आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून दोन महिने आमचा हॉल म्हणजे स्टुडिओ. आमच्या हिने किती चहा केले, त्याचा हिशेब ऑडिटमध्ये येणार नाही.

येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा विचारायचा, “लाइट कुठे आहेत?” लाइट नाहीतच. गॅलरीच्या दाराला पांढरा पातळ पडदा लावला, त्याच्या बाजूला खुर्ची ठेवली आणि दुसऱ्या बाजूला गणपतीच्या मखरातून उरलेला थर्माकोलचा तक्ता उभा केला. दारातून येणारा उजेड पडद्यातून गाळून येतो, थर्माकोलवर आपटून चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला परत जातो. झाला स्टुडिओ. फक्त ट्यूबलाइट बंद करा. दोन प्रकारचे उजेड एकत्र आले की अर्धा चेहरा एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या रंगाचा येतो, मग कॉम्प्युटरवर कितीही डोकं फोडा.

खुर्ची भिंतीपासून चार-पाच फूट पुढे ठेवा, म्हणजे मागे सावली पडत नाही. मोबाइलने काढत असाल तर जवळ जाऊ नका. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं दिसतं आणि कान मागे पळतात. पाच-सहा फूट लांब उभं राहा आणि झूम दोनवर ठेवा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर हवा. मोबाइलमध्ये ते ‘ब्युटी’ नावाचं प्रकरण असतं, ते आधी बंद करा. चष्म्यात दार चमकत असेल तर काड्या कानावर किंचित वर उचला, चमक जाते. आणि रुमालाने कपाळ पुसा! कपाळावरचा तेलकटपणा रुमालाने दोन सेकंदांत जातो, कॉम्प्युटरवर त्यालाच वीस मिनिटं लागतात.

आता रिटचिंग. मी १९७९ साली दादरला एका स्टुडिओत रिटचर म्हणून लागलो. फोटोशॉप बाजारात आलं १९९० साली, म्हणजे आमचं सगळं काम हाताचं. कलत्या डेस्कवर दुधी काच, तिच्या मागून उजेड आणि काचेवर निगेटिव्ह. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. चेहऱ्यावरची काळी सुरकुती तिथे पांढरी दिसते. निगेटिव्हवर ‘मीडियम’ नावाचं चिकट औषध चोळायचं, कडक शिशाच्या पेन्सिलीला पॉलिश पेपरवर सुईसारखं टोक करायचं आणि त्या पांढऱ्या रेषेत बारीक बारीक ठिपके भरायचे. प्रिंट काढली की सुरकुती गेलेली असायची. उलट काही गडद करायचं असेल तर ब्लेडच्या टोकाने निगेटिव्ह खरवडायची. पेन्सिलीचं चुकलं तर टर्पेंटाइनने पुसता यायचं, ब्लेडचं चुकलं तर मात्र मालकांच्या शिव्या.

सगळ्यात जास्त काम असायचं ते स्थळाला पाठवायच्या फोटोंचं. पाकिटावर सूचना लिहिलेली असायची : ‘चेहरा साफ’. बस, एवढंच. मुरूम, वांग, देवीचे व्रण, सगळं साफ. माझा हात त्यात चांगला बसला होता, आणि मला त्याचा अभिमान होता, हेही सांगतो.

कॉम्प्युटरवर काम तेच, हत्यार वेगळं. पैसे खर्च करायचे नसतील तर गिंप नावाचा फुकट प्रोग्रॅम पुरतो. आधी उजेड आणि रंग नीट करा, चेहऱ्याला नंतर हात लावा. चेहऱ्याचं काम मूळ फोटोवर करू नका, वेगळा लेयर घ्या. लेयर म्हणजे फोटोवर ठेवलेला पारदर्शक कागद समजा, काय ते त्याच्यावर करायचं. हीलिंग ब्रशने मुरूम, गालावर आलेला केस, दाढी करताना कापलेलं टिपून घ्या. डोळ्यांखालचं काळं पूर्ण काढू नका. त्या लेयरची तीव्रता निम्म्याखाली आणा, माणूस रात्रभर नीट झोपून उठल्यासारखा दिसतो, तेवढं पुरे. दात कागदासारखे पांढरे करू नका. कातडी गुळगुळीत करायचं बटण असतं, त्याने माणसाचा मेणाचा पुतळा होतो. आणि “जरा गोरा करा हो” म्हणणारे आपल्या सोसायटीत किती निघाले, तो आकडा मी जाहीर करत नाही.

चारशे टक्के मोठं करून बघू नका. स्मरणिकेत हा फोटो दोन इंच रुंद छापला जाणार, म्हणजे तीनशे डीपीआयने जेमतेम सहाशे पिक्सेल. तुम्ही रात्री बारा वाजता पुसलेलं ते छिद्र कुणालाही दिसणार नव्हतं.

आता जे सांगायला मी उभा राहिलो ते. बी विंगमधल्या एक काकू. नाव सांगत नाही, पण सांगायची परवानगी घेतली आहे. त्यांच्या गालांवर लहानपणच्या देवीचे व्रण आहेत. भारत देवीमुक्त जाहीर झाला १९७७ साली, त्याच्या आधीच्या पिढीत असे चेहरे घरोघर होते. काकू इरकल नेसून आल्या, फोटो सुरेख निघाला. मी रात्री कामाला बसलो आणि न विचारता, सवयीने, चेहरा साफ केला. मोठी प्रिंट काढून घेऊन गेलो. काकूंनी चष्मा लावला, बघितलं आणि म्हणाल्या, “छान आहे. कोण ही?”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

मग त्यांनी सांगितलं. १९७२ साली साताऱ्याला त्यांचा स्थळासाठी फोटो काढला होता. स्टुडिओवाल्याने व्रण काढून टाकले. फोटो पसंत पडला, पुण्याहून मंडळी बघायला आली. मुलाच्या आत्याने पर्समधून फोटो काढला, काकूंच्या चेहऱ्याशेजारी धरला आणि म्हणाली, “ही नाही, फोटोतली मुलगी दाखवा.” पोहे तसेच राहिले. त्यानंतर त्यांच्या वडिलांनी कुणालाही फोटो पाठवला नाही. पत्रातच लिहायचे, मुलीच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण आहेत. असं एक पत्र वाचून काका आले होते. काका आपल्याला सगळ्यांना आठवतात, पाण्याच्या टाकीच्या भांडणातले.

काकू म्हणाल्या, “भाऊ, हे परत आणता येतं का?”

आलं. लेयर वेगळा ठेवला होता म्हणून एका क्लिकमध्ये आलं. ब्लेडने खरवडलेलं आलं नसतं. घरी येऊन मी बराच वेळ बसून राहिलो. ‘चेहरा साफ’ची किती पाकिटं माझ्या हातून गेली असतील याची मोजदाद नाही. फोटो पाकिटातून बाहेर गेला की पुढे कुठल्या घरी काय झालं, हे रिटचरला कधीच कळत नाही.

तेव्हापासून आधी विचारतो. माझा हिशेब सोपा आहे : पंधरा दिवसांत आपोआप जाणारं असेल ते मी काढतो. मुरूम जातो, जागरण जातं. तीळ, व्रण, सुरकुती राहते, ती मालकाने सांगितल्याशिवाय काढत नाही. सांगितलं तर काढतोही, कारण चेहरा त्यांचा आहे. ए विंगमधल्या एका आजोबांनी तर उलट सांगितलं, कानाचं मशीन स्पष्ट दिसू दे, साडेअठरा हजारांचं आहे.

स्मरणिकेच्या मधल्या पानांवर सगळे फोटो आहेत. मूळ फाइल्स आणि रिटच केलेल्या फाइल्स वेगवेगळ्या फोल्डरमध्ये पेनड्राइव्हवर ऑफिसात ठेवल्या आहेत. कुणाला काही परत आणून हवं असेल, तर रविवारी दहानंतर घरी या. चहाचं मात्र हिला आधी विचारावं लागेल.