प्रयोगशाळेतील पहिले वर्ष

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कारसमारंभ आताच आपण पाहिला. दहावी, बारावी, पदवी अशा क्रमाने मुले मंचावर आली, प्रत्येकाचे शेकडा गुण वाचले गेले आणि आपण सर्वांनी कौतुकाने टाळ्या वाजविल्या. आम्ही स्वतः आयुष्यभर शाळेत गुण देण्याचेच काम केले, तेव्हा गुणांस नावे ठेवणे आम्हांस शोभणार नाही. परंतु आज ज्या विद्यार्थ्यांविषयी बोलावयाचे आहे, त्यांच्यापाशी सुरुवातीचे काही विषय सोडले तर पुढे चार-पाच वर्षे मंचावरून वाचून दाखविण्याजोगे गुणच नसतात. हे विद्यार्थी म्हणजे पीएच.डी.साठी प्रयोगशाळेत काम करणारे आपले मुलगे व मुली.

आमची पुतणी गेल्या वर्षी पवईच्या आय.आय.टी.त संशोधनासाठी दाखल झाली. ही संस्था १९५८ साली सुरू झाली आणि तिची पवई येथील कोनशिला १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसविण्यात आली. मुलुंड, भांडुप, घाटकोपर या भागांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांस कांजूरमार्ग स्थानकावर उतरले की ती हाकेच्या अंतरावर. पण तिच्या फाटकाच्या आत काय चालते, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? आम्हांसही नव्हते.

प्रवेश मिळाला तेव्हा घरोघर पेढे वाटले गेले. पुढे पहिल्या महिन्यात मुलीस काम कोणते मिळाले म्हणाल, तर पाणी तोलण्याचे! पिपेट नावाच्या उपकरणाने पाण्याचा अगदी सूक्ष्म अंश उचलावयाचा, तो तराजूवर सोडावयाचा आणि वजन वहीत मांडावयाचे. शंभर मायक्रोलिटर पाणी शंभर मिलिग्रॅम भरले पाहिजे. हिचे कधी शहाण्णव भरे, तर कधी एकशे तीन. हात बसल्याखेरीज प्रथिनास हात लावावयाचा नाही, असे तिच्याहून दोन वर्षे जुन्या असलेल्या विद्यार्थिनीने तिला बजाविले होते. आमची भावजय चिंताग्रस्त होऊन म्हणाली, "भाऊजी, एम.एस्सी.ला पहिला वर्ग मिळवून पोरगी पाणी मोजते, हे शेजाऱ्यांना सांगू कसे?"

पाण्याखेरीज शिकावयाचे ते वेगळेच. शीतपेटीतील कोणता कप्पा कोणाचा, कोणत्या यंत्रासाठी नोंदवहीत किती दिवस आधी नाव घालावे, वापरलेली काचपात्रे कोणी धुवावयाची, मार्गदर्शकांस केव्हा भेटावे आणि केव्हा भेटू नये, यांतले काहीही कोणत्या पुस्तकात लिहिलेले नसते. आठवड्याच्या बैठकीत इतर जण जे बोलत, त्यातील निम्मे तिला कळत नसे आणि विचारण्याचा संकोच वाटे. नव्याने सासरी आलेल्या मुलीसारखीच ही स्थिती; फरक इतकाच की नव्या सुनेस घरोघर सांभाळून घेतात.

दिवाळीच्या सुमारास चार दिवस खपून वेगळे काढलेले प्रथिन तिने एका रात्री शीतपेटीत ठेवावयाचे विसरून टेबलावरच ठेविले. सकाळी ते निकामी झाले होते. त्याच आठवड्यात भाऊबिजेस ती घरी आली असता आम्हीच तिला विचारले, "मग, कधी संपणार तुझे शिक्षण?" ती काही बोलली नाही. ताटावरून मात्र लवकर उठली. प्रथिनाची हकीकत आम्हांस पुढे महिन्याने कळली.

आम्ही शाळेत विज्ञान शिकविले. जळत्या मेणबत्तीवर पेला पालथा घातला की ती विझे. निळा लिटमस आम्लात बुडविला की तांबडा होई. आमचा एकही प्रयोग कधी फसला नाही, कारण उत्तर आधीच पुस्तकात छापलेले होते. फसला तर चूक विद्यार्थ्याची! संशोधनात उत्तर छापलेले नसते, त्यामुळे प्रयोग फसला तेव्हा हात चुकला की कल्पनाच चुकली, हे शोधण्यातच महिने जातात. वयाची साठी उलटल्यावर पुतणीकडून आम्ही हे शिकलो.

या प्रसंगी कमला भागवत, म्हणजे पुढील काळातील डॉ. कमला सोहोनी, यांचे स्मरण होते. सुप्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन त्यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज केला. तेथील संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून तो नाकारला. कमलाबाई तडक बंगळूरास गेल्या आणि त्यांनी सत्याग्रहाची तयारी दाखविली. अखेर प्रवेश मिळाला, तो अटींवर. पहिले वर्ष केवळ परीक्षेचे. कामाचा दर्जा पटला तरच ते मान्य होणार. मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम करावयाचे. आणि आपल्या वावराने प्रयोगशाळेतील पुरुषांचे चित्त विचलित होऊ द्यावयाचे नाही! हा अपमान त्या अखेरपर्यंत विसरल्या नाहीत. श्रीनिवासय्या यांच्या कडक शिस्तीत त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षाअखेर रामन यांचे समाधान झाले आणि तेथून पुढे स्त्रियांस त्या संस्थेचे दार उघडले.

तेथून त्या केंब्रिजला सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. जागा रिकामी नव्हती. डॉ. रिश्टर यांनी आपले टेबल दिवसा त्यांस वापरू दिले व स्वतः रात्री काम केले. पुढे रॉबिन हिल यांच्या हाताखाली वनस्पतींवर काम करीत असता, आपण रोज भाजीस घेतो त्या बटाट्यात त्यांस सायटोक्रोम सी हे द्रव्य सापडले. पेशीच्या श्वसनात या द्रव्याचे कार्य फार मोलाचे असते. १९३९ साली त्यांस पीएच.डी. मिळाली. काम चौदा महिन्यांचे आणि प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा.

हे चौदा महिने ऐकून आपापल्या मुलांस कोणी टोचू नये, एवढी विनंती. त्यांच्यामागे बंगळूरची तीन वर्षे होती. शिवाय कमलाबाईंचे वडील व चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि त्याच बंगळूरच्या संस्थेत शिकलेले. प्रयोग फसणे म्हणजे काय, हे त्या घरास समजावून सांगावे लागले नसेल. आपल्या बहुतेक घरांत प्रयोगशाळेत पाऊल टाकणारे हे पहिलेच अपत्य असते.

आता थोडे अप्रिय बोलावयाचे आहे. काही वर्षांपूर्वी घाटकोपरच्या एका संशोधक विद्यार्थ्याचा अर्ज आपल्या शिक्षणनिधीकडे आला होता. त्याची मंजूर शिष्यवृत्ती कित्येक महिने हाती पडली नव्हती आणि त्यास घरभाड्याची अडचण होती. २०२३ साली झालेल्या वाढीने कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये झाली. पण कागदावरील रकमेने भाडे भरता येत नाही. आपल्या छापील अर्जात 'गतवर्षीच्या परीक्षेतील शेकडा गुण' असा रकाना आहे. त्या मुलाने तेथे रेघ ओढली होती. समितीने 'अपूर्ण' असा शेरा मारून अर्ज परत केला. त्या समितीत आम्ही होतो, आणि शेरा आमच्या हस्ताक्षरात आहे. तो मुलगा पुन्हा मंडळाकडे आला नाही.

म्हणून कार्यकारी मंडळास आमची सूचना अशी की, संशोधक विद्यार्थ्यांसाठी त्या रकान्याऐवजी मार्गदर्शकांचे पत्र, अथवा संस्थेची समिती दरवर्षी प्रगतीचा जो आढावा घेते त्याचा दाखला, ग्राह्य धरावा. आणि शिष्यवृत्ती रखडली असता परतफेडीच्या बोलीवर तीन महिन्यांची उचल द्यावी. नव्या अर्जाचा मसुदा आम्ही लिहून आणला आहे. तो चिटणीसांकडे देतो आणि आपली रजा घेतो.