बरोबरीची सुरुवात

(वार्षिक पारितोषिक-वितरण समारंभात केलेले भाषण)



आज ज्या मुलामुलींनी बक्षिसे मिळविली त्या सर्वांचे प्रथम मनःपूर्वक अभिनंदन. बक्षिसाच्या दिवशी पाहुण्याने उपदेश करावयाचा आणि श्रोत्यांनी तो मुकाट्याने सोसावयाचा, असा आपल्याकडील रिवाज आहे. तो मी अगदीच मोडणार नाही. परंतु उपदेशाआधी एका संघाची हकिगत आपणांस सांगणार आहे. हा संघ म्हणजे २०२४ साली पॅरिस येथे झालेल्या पॅरालिम्पिक स्पर्धेतील आपला भारतीय संघ. दिव्यांग खेळाडूंची ही जागतिक स्पर्धा ऑलिम्पिकच्या पाठोपाठ, त्याच शहरात भरते, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल.

२८ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या बारा दिवसांत आपल्या ८४ खेळाडूंच्या पथकाने २९ पदके मिळविली : ७ सुवर्ण, ९ रौप्य आणि १३ कांस्य. पदकतक्त्यात भारत १८ वा आला. हा आकडा मोठा की लहान, हे मागे वळून पाहिल्याशिवाय कळावयाचे नाही. भारताने १९६८ साली या स्पर्धेत पहिले पाऊल टाकले. तेव्हापासून २०१६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकात, आपली सारी पदके मिळून १२ होती. त्यानंतर टोकियोच्या एकाच स्पर्धेत १९ आणि पॅरिसमध्ये २९. एवढी झेप कशाने घेतली गेली? आपल्या देशात दिव्यांग माणसे काही नव्याने जन्माला आली नाहीत. ती आधीही होती. घराच्या मागल्या खोलीत होती, ओट्यावर बसलेली होती, लग्नकार्यात पाहुण्यांच्या नजरेआड ठेवलेली होती. फरक पडला तो त्यांना बाहेर येण्याची वाट मिळाल्यामुळे. आजचे माझे सारे बोलणे या वाटेबद्दल आहे.

या स्पर्धेचा उगम मैदानात नव्हे, एका इस्पितळात झाला. दुसऱ्या महायुद्धात पाठीचा कणा दुखावून कमरेखाली लुळे पडलेले सैनिक इंग्लंडमधील स्टोक मॅन्डेव्हिल येथे ठेवले जात. असा रोगी फार दिवस जगत नाही, त्याला शांतपणे पडू द्यावे, असा त्या काळच्या वैद्यकाचा समज होता. डॉ. लुडविग गुटमन यांनी तो मानला नाही. हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून आलेले हे ज्यू डॉक्टर. त्यांनी रोग्यांना उठवून बसविले, कामाला लावले आणि खेळावयास लावले. २९ जुलै १९४८ रोजी, ज्या दिवशी लंडनमध्ये ऑलिम्पिकचे उद्घाटन होत होते त्याच दिवशी, त्यांनी इस्पितळाच्या आवारात चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या १६ जखमी स्त्री-पुरुष सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा भरविली. १९६० साली रोम येथे तिचे जागतिक स्पर्धेत रूपांतर झाले.

आणि या इतिहासात आपल्या महाराष्ट्राचे पान फार वरचे आहे. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील जवान, मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि शरीराचा खालचा भाग निकामी झाला. उपचार म्हणून ते पोहू लागले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्यांनी सुवर्णपदक घेतले. ऑलिम्पिकमध्ये भारताला पहिले वैयक्तिक सुवर्ण २००८ साली मिळाले. पेटकरांचे सुवर्ण त्याच्या ३६ वर्षे आधीचे. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. मधल्या ४६ वर्षांत आपल्यापैकी किती जणांच्या पाठ्यपुस्तकात त्यांचे नाव आले? माणूस चाकाच्या खुर्चीवर बसला की त्याचा पराक्रमही आपल्याला दिसेनासा होतो, असा याचा अर्थ आहे.

आता पॅरिसला येऊ. तेथील निकाल वाचताना प्रत्येक शर्यतीपुढे एक अक्षर आणि एक आकडा दिसतो : टी-१२, एफ-४६, एफ-५१. पुष्कळ वाचक ते सोडून देतात. माझ्या मते साऱ्या स्पर्धेचे मर्म तेथेच आहे. ‘टी’ म्हणजे धावणे व उड्या, ‘एफ’ म्हणजे फेकीचे प्रकार. आणि आकडा सांगतो की खेळाडूच्या शरीरात कोणती उणीव आहे व किती. स्पर्धेआधी तज्ज्ञ मंडळी प्रत्येकाची तपासणी करतात आणि सारख्याला सारख्याशी भिडवतात. हात अधू असलेला हात अधू असलेल्याशी, दृष्टी मंद असलेला दृष्टी मंद असलेल्याशी. ज्याला उभे राहता येत नाही त्याला पट्ट्याने आसनाला बांधून बसून फेकू देतात. मात्र एकदा ही सुरुवात बरोबरीची करून दिली, की पुढे कोणतीही सूट नाही. फेक रेषेबाहेर गेली तर बाद. शर्यत एका शतांशाने हरली तर हरली. सांगली जिल्ह्यातीलच आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी यांनी गोळा १६.३२ मीटर फेकला. कॅनडाच्या खेळाडूचा १६.३८ मीटर गेला. सहा सेंटिमीटरने सुवर्ण हुकले, रौप्य मिळाले. तेथे कोणी ‘बिचारा’ म्हणून सहा सेंटिमीटर पदरात टाकले नाहीत, आणि खिलारींनी मागितलेही नसते.

हे खिलारी शाळकरी वयात सायकलवरून पडले, जखम चिघळली आणि एक हात कायमचा अधू झाला. त्यांनी इंजिनिअरिंगचे शिक्षण घेतले आणि स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या मुलांना शिकविण्याचेही काम केले. बॅडमिंटनमध्ये सुवर्ण मिळविणारे नितेश कुमार यांनी २००९ साली रेल्वेच्या अपघातात एक पाय गमावला; पुढे ते मंडीच्या आय.आय.टी.मधून पदवीधर झाले. त्याच खेळात रौप्य मिळविणारे सुहास यतिराज हे उत्तर प्रदेशातील आय.ए.एस. अधिकारी. टोकियोपाठोपाठ पॅरिसमध्येही नेमबाजीचे सुवर्ण राखणाऱ्या अवनी लेखरा यांना २०१२ साली मोटार अपघातात अपंगत्व आले; त्यांनी कायद्याचा अभ्यास हाती घेतला. जे पालक म्हणतात, “खेळला तर शिकणार केव्हा?” त्यांनी ही नावे घरी जाऊन मुलांकडून लिहवून घ्यावीत.

पालकहो, आता तीन प्रसंग खास तुमच्यासाठी.

पहिला प्रसंग सिमरन या धावपटू मुलीचा. तिची दृष्टी अतिशय क्षीण आहे. २०० मीटरच्या शर्यतीत तिच्याबरोबर अभय सिंग हा वाटाड्या धावला. दोघांच्या हातांत एक आखूड दोरी असते. नियम असा की वाटाड्याने खेळाडूला ओढावयाचे नाही, ढकलावयाचे नाही, आणि अंतिम रेषा तिच्या आधी ओलांडावयाची नाही. तो दिशा सांगतो, पावलाला पाऊल जुळवून पळतो, आणि शेवटच्या क्षणी मागे राहतो. सिमरनला कांस्यपदक मिळाले, आणि नियमानुसार तिच्या वाटाड्यालाही. आईबापांचे काम याहून निराळे काय आहे? आपण मात्र पुष्कळदा दोरी धरून मुलाला फरफटत नेतो, किंवा दोरी हातात घेतच नाही.

दुसरा प्रसंग दीप्ती जीवनजीचा. तेलंगणातील वरंगळ जिल्ह्यातील कल्लेडा गावची ही मुलगी. तिची बुद्धीची वाढ इतर मुलांपेक्षा मंद. गावातील लोक तिला वेडी म्हणत आणि तिला अनाथाश्रमात ठेवा असे आईबापांना सांगत, असे तिच्या घरच्यांनीच वार्ताहरांना सांगितले आहे. मोलमजुरी करणाऱ्या त्या दोघांनी लोकांचे ऐकले नाही. शाळेतील खेळाच्या शिक्षकाने तिचे पळणे हेरले. पॅरिसमध्ये तिने ४०० मीटर अंतर ५५.८२ सेकंदांत तोडून कांस्यपदक मिळविले. जिची बुद्धी मंद म्हणून लोक हसत, तिच्या पायांकडे पाहावयाचे एका शिक्षकाला सुचले. शिक्षक बंधुभगिनींनो, हे श्रेय आपल्या व्यवसायाचे आहे.

तिसरा प्रसंग जम्मू-काश्मीरच्या किश्तवाड जिल्ह्यातील शीतल देवीचा. जन्मापासून तिला दोन्ही हात नाहीत. लहानपणी ती झाडावर चढत असे. ‘पडशील, लोक काय म्हणतील’ म्हणून तिला कोंडून ठेवले असते तर तिच्या अंगातील बळ कोणाला कळले असते? आज ती खुर्चीवर बसून उजव्या पायाने धनुष्य धरते, खांद्याने दोरी ताणते आणि जबड्याच्या जोराने बाण सोडते. वयाच्या १७ व्या वर्षी तिने राकेश कुमार यांच्यासह मिश्र सांघिक तिरंदाजीत इटलीच्या जोडीला १५६-१५५ असे हरवून कांस्यपदक मिळविले. वैयक्तिक स्पर्धेत मात्र ती एका गुणाने हरली. तेही सांगितले पाहिजे. कारण हरण्याचा हक्क हाही बरोबरीचाच भाग आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठीही एक गोष्ट ठेवली आहे. ‘क्लब थ्रो’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात मानेपासून खाली शरीर बव्हंशी लुळे असलेले खेळाडू लाकडी मुसळीसारखी वस्तू फेकतात. हरयाणाचा धरमबीर त्यात उतरला होता. त्याच्या पहिल्या चारही फेकी बाद ठरल्या. पाचवी ३४.९२ मीटर गेली आणि सुवर्णपदक त्याचे झाले. रौप्यही आपल्याच प्रणव सूरमाला मिळाले. परंतु त्याच मैदानात तिसरा एक भारतीय होता : अमित कुमार सरोहा. त्यांची ही चौथी पॅरालिम्पिक. धरमबीरला या खेळात आणून घडविणारे गुरू तेच. त्या दिवशी शिष्य पहिला आला आणि गुरू शेवटच्या क्रमांकावर राहिले. वर्तमानपत्रांत पहिल्याचे नाव मोठ्या अक्षरांत छापून आले. तुम्ही दोन्ही नावे लक्षात ठेवा. आंध्र प्रदेशचे शेख अर्शद आणि आपल्या भंडाऱ्याच्या ज्योती गडेरिया हे दोघे सायकल शर्यतीत उतरले. या खेळात पॅरालिम्पिकला भारत प्रथमच उतरत होता. त्यांना पदक मिळाले नाही. पण पुढच्यांसाठी वाट पडली.

आता उपदेशाचा भाग. तो थोडक्यात सांगतो.

आपल्या मोहल्ल्यात, आपल्या नात्यागोत्यात अशी मुले आहेत. कोणाला पोलिओ झाला, कोणाला ऐकू येत नाही, कोणाची बुद्धी मंद आहे. त्यांना उपाशी कोणी ठेवत नाही. उलट घरातील दादी, फूफी त्यांच्यावर जास्तच जीव टाकतात. परंतु शाळेत नाव घालण्याची वेळ आली की घरातून सूर निघतो : “त्याला कशाला त्रास?” मुलगी असेल तर हा सूर अधिक लवकर निघतो. आणि त्याच्या मागे न बोललेली एक भीतीही असते : घरात असे मूल आहे हे कळले तर मोठ्या बहिणीचे स्थळ मोडेल. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही, स्थळे मोडतात. पण त्या भीतीची किंमत एका मुलाने आपल्या साऱ्या आयुष्याने का भरावी?

दया स्वस्त असते. ती जेवणाच्या ताटाबरोबर देता येते. बरोबरीची सुरुवात महाग पडते, कारण तिच्यासाठी काहीतरी बदलावे लागते. शाळेत तिचा अर्थ अगदी साधा आहे. पायऱ्यांच्या बाजूला एक उतरण. पाय अधू असलेल्या मुलाचा वर्ग तळमजल्यावर. कमी ऐकू येणाऱ्या मुलीला पहिला बाक. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ. खेळाच्या तासाला त्याला दप्तरे राखावयास न बसविता त्याला जमेल असा खेळ. एवढे झाले की पुढे त्याच्याकडून अभ्यास तितकाच कडक घ्यावा. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की नव्या इमारतीची वर्गणी मागताना उतरणीचा खर्च पहिल्या पानावर घालावा.

कायदाही आपल्या बाजूस आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने, ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचा दाखला असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. उच्च शिक्षणात किमान ५ टक्के आणि सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. पण दाखला घेतल्यावाचून यांतील काही मिळत नाही, आणि लाजेपायी पुष्कळ घरांतून तो दाखला काढलाच जात नाही. शिकलेल्या तरुणांनी शेजारच्या घरचा एक जरी दाखला काढून दिला, तरी ते मोठेच काम होईल.

सगळीच मुले पॅरिसला जाणार नाहीत. ती जावीत म्हणून मी हे बोललो नाही. कोणी दुकान चालवील, कोणी शिवणकाम करील, कोणी शिक्षक होईल, कोणी फक्त आपली सही आपण करू लागेल. परंतु ज्या २९ पदकांवर आपण टाळ्या वाजविल्या, त्यांतील प्रत्येकाच्या मागे कधीतरी कोणीतरी दार उघडून दिले होते. येत्या जूनमध्ये शाळेचे दार उघडेल तेव्हा आपल्या गल्लीतील असे एक मूल प्रवेशाच्या रांगेत उभे दिसावे, एवढीच माझी आपणां सर्वांकडे मागणी आहे.