रस्त्यावरील दाणे आणि पाखरांचे थवे



सुगीच्या दिवसांत शाळेच्या वाटेवर वाहनांखाली सापडलेले होले, चिमण्या वा साळुंक्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीस पडतात. "इतकी चपळ पाखरे गाडीखाली येतात कशी?" असे एखाद्या मुलाने विचारल्यास "पाखरांना समज नसते" हे उत्तर देऊन त्याला गप्प करू नये. ते उत्तर अपुरे आहे, खरेही नाही.

प्रथम, पाखरे रस्त्यावर का उतरतात ते पाहावे. अनेक गावी ज्वारी, बाजरी, सोयाबीन यांचे खळे डांबरी रस्त्यावरच होते. पोत्यांतून दाणे सांडतात ते निराळेच. शिवाय दाणे खाणाऱ्या पाखरांना पोटातील दाणा भरडण्यासाठी बारीक खडेही गिळावे लागतात; तेही रस्त्याच्या कडेला विपुल असतात.

आता थव्याचा विचार करू. थवा हे पाखरांचे संरक्षण होय. एकाने मान वर करून टेहळावे आणि इतरांनी निर्धास्त टिपावे, असा तो व्यवहार असतो. ससाणा दिसताच एक उडते व त्यामागे सारा थवा उठतो. परंतु रस्त्यावर हाच गुण घातक ठरतो. पुष्कळ पाखरांनी वाहन स्वतः पाहिलेलेच नसते. ती केवळ सोबत्यांमागे उडतात. पुढची निसटतात, मागची उशिरा उठतात, आणि पलीकडच्या झाडाकडे जाताना नेमकी वाहनासमोर येतात.

वेगाचे कारण याहून मोठे आहे. अमेरिकेतील काउबर्ड या थव्याने राहणाऱ्या पक्ष्याला चालून येणाऱ्या वाहनाची चित्रफीत दाखवून केलेले प्रयोग 2015 साली प्रसिद्ध झाले. पक्षी वाहनाचा वेग नव्हे, तर अंतर पाहून उडतो, असे त्यांत आढळले. ताशी 120 किलोमीटरच्या पुढे तर त्याला निसटण्यास पुरेसा वेळच उरत नव्हता. मांजर वा कोल्हा यांच्यापुढे अंतराचा हा अंदाज पुरतो. मोटारीपुढे तो फसतो.

हे गणिताच्या तासाला सहज पटविता येईल. पाखरू 30 मीटरांवरून उडते असे धरावे. ताशी 4 किलोमीटर चालणारी बैलगाडी त्याला 27 सेकंद देते. ताशी 30 किलोमीटर वेगाचे वाहन 3.6 सेकंद देते. ताशी 90 किलोमीटर वेगाचे केवळ 1.2 सेकंद! तेवढ्यात सारा थवा उठावा कसा?

हानी केवळ पाखरांची नाही. विणीच्या काळात एक साळुंकी मेली, तर घरट्यातील पिलांचा घास तुटतो. मध्य आशियाकडून हजारो किलोमीटर उडून येणारी भोरडी ज्वारी खाते हे खरे, पण नाकतोडेही फस्त करते. एवढा प्रवास केलेल्या पाखराने चार दाण्यांसाठी रस्त्यावर प्राण गमवावा, हे शेतकऱ्याच्याही हिताचे नाही.

उपाय गावाच्या हाती आहे. खळे रस्त्यावर नसावे; सांडलेले धान्य मोठ्या माणसांनी वेळीच गोळा करावे; थवा दिसताच वाहन हळू करावे. शिक्षकांनी या गोष्टी पालकसभेत मांडाव्यात. विद्यार्थ्यांनी मृत पाखरास हात न लावता, कडेनेच पाहून, दिनांक, जागा व जात यांची नोंद वहीत ठेवावी. दाणे उचलण्यासाठी मात्र कोणत्याही मुलास रस्त्यावर पाठवू नये.

मुलाच्या एका प्रश्नातून गणित, निसर्ग आणि नागरिकत्व हे तिन्ही पाठ एकदमच शिकविता येतात. तो प्रश्न शिक्षकाने वाया जाऊ देऊ नये.