पडद्यावरचे गाव

(संस्थेच्या शिक्षक-पालक मेळाव्यात माध्यमिक विभागातील एका शिक्षकाने केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'मोबाईल आणि विद्यार्थी' असा छापला आहे. या विषयावरची भाषणे आपण पुष्कळ ऐकली आहेत. डोळे बिघडतात, झोप उडते, अभ्यास बुडतो, हे सर्व खरे आहे आणि आपणांस ते ठाऊक आहे. त्याची उजळणी करून आपला वेळ घ्यावा असे मला वाटत नाही. मी त्यातील एका लहानशा बाबीविषयीच बोलणार आहे. आपली मुले त्या पडद्यावर कोठे तरी जातात. तेथे त्यांची आवडती ठिकाणे आहेत, ओळखीची घरे आहेत, आणि एखादा माणूस सुट्टीत आजोळी जावा तशी ती तेथे पुन:पुन्हा जातात. या ठिकाणांकडे आपण मोठ्या माणसांनी कोणत्या दृष्टीने पाहावयाचे, एवढाच माझा प्रश्न आहे.

नववीच्या वर्गात भूगोलाच्या तासाला मी एकदा विचारले, "नकाशा न पाहता जिच्या वाटा सांगता येतील अशी एक जागा सांगा." बऱ्याच मुलांनी एकच नाव सांगितले: पोचिंकी. हे गाव कोणत्या तालुक्यात आहे, असे पालकांपैकी कोणी मनात म्हणत असेल तर थोडा खुलासा करतो. पबजी या नावाने प्रसिद्ध झालेल्या खेळात 'एरांगल' नावाचे एक बेट आहे. शंभर खेळाडू विमानातून छत्रीने त्यावर उतरतात, घराघरांतून शस्त्रे गोळा करतात आणि शेवटपर्यंत जो तगेल तो जिंकतो. बेटाचा नकाशा आठ किलोमीटर लांब व आठ किलोमीटर रुंद, म्हणजे चौसष्ट चौरस किलोमीटरचा. काळ्या समुद्रातील, सोव्हिएत सैन्याने सोडून दिलेले ते बेट, अशी कल्पना आहे. म्हणून तेथील गावांची नावे रशियन. हे बेट ज्यांच्या कल्पनेतून उतरले ते ब्रेंडन ग्रीन आयर्लंडचे. त्यांनी आपल्या मुलीच्या नावावरून बेटाचे नाव ठेवले. बापाने लेकीच्या नावे ठेवलेले बेट आणि त्यावर रात्रंदिवस गोळीबार, हा प्रकार मला चमत्कारिकच वाटतो. असो.

मोबाईलवर हा खेळ २०१८ साली आला. हा हाणामारीचा खेळ आहे, आणि त्याची तरफदारी करावयास मी उभा नाही. परंतु मुलांशी बोलल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कित्येकांना जिंकण्याहारण्याचे फारसे स्मरण नसते. स्मरण असते ते जागेचे. अमुक दुमजली घर, त्याच्या जिन्याचे वळण, मागच्या अंगाचे गव्हाचे शेत, पुलावरून दिसणारे पाणी. एक विद्यार्थी मला म्हणाला, "सर, मी कधी कधी बंदूक उचलतच नाही. नुसता डोंगरावर जाऊन बसतो." शहरातील दोन खोल्यांच्या घरात सात माणसांत वाढणाऱ्या मुलाला एकटे बसावयास डोंगर सापडला, तर त्याला काय म्हणावे हे मला अजून ठरविता आलेले नाही.

तेथेही त्याला फार वेळ बसता येत नाही, हे मात्र सांगितले पाहिजे. खेळाच्या नियमाप्रमाणे एक निळे वर्तुळ बेटाभोवती आवळत येते. त्याच्या बाहेर जो राहील त्याचा प्राण हळूहळू जातो. त्यामुळे ठिकाण कितीही आवडते असले तरी ठराविक वेळाने ते सोडून पळावे लागते. आपल्या बीड जिल्ह्यातील माणसाला हे वर्तुळ नवीन नाही. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची गाडी दारात उभी राहते. उचल घेतलेली असते, तेव्हा पसारा भरून निघावेच लागते. लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, आणि त्यांच्याबरोबर त्यांची मुलेही जातात.

आमच्या शाळेतील सातवीचा एक मुलगा २०१९ च्या हंगामात असाच आईबापांच्या कोयत्याबरोबर गेला. तळावरच्या कोपीत रात्री बापाचा मोबाईल अर्धा तास त्याच्या हाती येई. त्या अर्ध्या तासात तो पोचिंकीला जाई, आणि गावाकडची मुले तेथे त्याची वाट पाहात असत. वर्गात काय शिकविले, परीक्षा केव्हा, कोणाची म्हैस व्याली, या गोष्टी बंदुका खांद्यावर टाकून त्या दुमजली घरात होत. पत्राने किंवा फोनने हे झाले नसते. एवढ्या वयाची मुले फोनवर बोलतात काय? "काय चाललंय", "काही नाही", येथे संभाषण संपते. सोबत एखाद्या ठिकाणी बसल्याखेरीज मुलांच्या तोंडून गोष्टी निघत नाहीत. ते ठिकाण त्यांनी शोधून काढले होते.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने एकशे अठरा ॲपवर बंदी घातली. त्यांत हा खेळ होता. सरहद्दीवर चीनशी तंटा चालू होता आणि खेळ भारतात चालविणारी कंपनी चिनी होती. राज्यकारभाराच्या निर्णयाविषयी मला येथे काही म्हणावयाचे नाही. ३० ऑक्टोबरला भारतातील खेळाडूंसाठी एरांगलचे दरवाजे पूर्ण बंद झाले. तारीख लक्षात घ्या. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या जिल्ह्यातील टोळ्या कारखान्यांकडे निघत होत्या. शाळा मार्चपासून बंदच होत्या. तो मुलगाही त्या वर्षी पुन्हा गेला, आणि भेटण्याची जागा मात्र राहिली नव्हती. एक मुलगा त्या आठवड्यात मला रस्त्यात भेटला आणि म्हणाला, "सर, अपना पोचिंकी गया ना." तो हसत हसत म्हणाला, पण गाव गेल्यासारखेच म्हणाला. घरी कोणाला सांगितलेस का, असे मी विचारले. "अब्बा खूश झाले," तो म्हणाला. पालकहो, अब्बांचे खूश होणे मला समजते. त्या घरात त्या रात्री एकाच बातमीने एक माणूस सुखी व एक दु:खी झाला, आणि दु:खी झालेल्याची कोणी विचारपूस केली नाही.

तोडीला गेलेल्या मुलाची खबर मिळण्याचा आमचा मार्गही त्याबरोबर बंद झाला. बापाचा नंबर बदलला होता. पुढे २ जुलै २०२१ रोजी तोच खेळ नव्या नावाने, कोरियन कंपनीमार्फत भारतात परत आला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत दोन मुले मला शोधीत आली. "सर, तो पोचिंकीत दिसला." खेळात त्याने जुनेच नाव धारण केले होते, त्यावरून मुलांनी ओळखले. त्यांनी तेथेच त्याच्याकडून नवा नंबर घेतला, मी बापाशी बोललो, आणि नववीच्या पटावर त्याचे नाव राहिले. खेळामुळे मूल शाळेत आले, असा निष्कर्ष मी काढणार नाही. नंबर दुसरीकडूनही मिळाला असता. पण मिळाला तेथून, हे खरे.

परत गेलेल्या मुलांना बेट जसेच्या तसे मिळाले का? नाही. मधल्या काळात त्याची डागडुजी झाली होती. जागोजागी खंदक खणलेले, मोडके रणगाडे पडलेले, भिंतींचे रंग निराळे. मुले पहिले काही दिवस जुन्या खुणाच शोधीत होती. हैदराबादला नोकरीस गेलेला माणूस दहा वर्षांनी बीडला येऊन बशीरगंज चौकात जसा उभा राहतो, तशीच. वर्षभराने, २८ जुलै २०२२ रोजी, नवा खेळही दुकानांतून काढला गेला. २०२३ च्या मे अखेरीस तो पुन्हा आला. त्या वेळी अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घालण्यात आली.

केवळ मुलेच अशी असतात असे समजू नका. फेसबुकवर २००९ साली 'फार्मव्हिल' नावाचा शेतीचा खेळ निघाला होता. आमच्या पिढीतील कितीतरी शिकलेल्या माणसांनी त्यात जमिनी कसल्या. वेळेवर काढणी केली नाही तर पीक वाळून जाई, म्हणून माणसे पहाटे उठत. ज्या जिल्ह्यात २०१२ च्या दुष्काळात खरी बाग जळाली, तेथील नोकरदार मुलगा पडद्यावरची स्ट्रॉबेरी वाळू देत नसे. ३१ डिसेंबर २०२० रोजी तो खेळ बंद करण्यात आला, आणि सर्व शेते एका रात्रीत नाहीशी झाली.

मला माझ्या एका सेवानिवृत्त सहकाऱ्यांची आठवण येते. सिंदफणेवरच्या माजलगाव धरणात त्यांचे गाव गेले. हे गृहस्थ अलीकडे नातवाकडून गुगल अर्थ उघडून घेतात. त्यात १९८४ पासूनची उपग्रहाची चित्रे एकामागून एक पाहता येतात. ती चित्रे इतकी ढोबळ आहेत की एका ठिपक्यात तीस मीटर लांबरुंद जागा मावते, म्हणजे अख्खी आळी. घर दिसण्याची शक्यताच नाही. तरी ते एका ठिपक्यावर बोट ठेवतात आणि म्हणतात, "हा आमचा वाडा." आम्ही कोणी त्यांना हसत नाही. नातवाच्या पोचिंकीला मात्र घरातील सगळे हसतात.

दोन्हींत फरक आहेच, आणि तो हसण्याइतका लहान नाही. धरणात गेलेल्या गावाचा सातबारा होता. मोबदला कमी मिळाला, उशिरा मिळाला, पण त्यासाठी कचेरीत हेलपाटे घालता आले, मोर्चा काढता आला, गावठाणासाठी भांडता आले. पडद्यावरच्या गावात मुलाच्या नावे काहीच नसते. बापाच्या पैशांतून विकत घेतलेला तेथील पोशाखसुद्धा त्याच्या मालकीचा नसतो. कंपनीने ठरविले, सरकारने ठरविले, अगर गिऱ्हाईक कमी झाले, की गाव जाते, आणि तक्रार ऐकणारा तलाठीही तेथे नाही. आपल्या मुलांचे जिव्हाळ्याचे ठिकाण दुसऱ्याच्या मर्जीवर उभे आहे, याची मला काळजी वाटते. त्यांनी तेथे जीव का लावला, असे मात्र मी विचारणार नाही. जीव लावण्याजोगे आपण त्यांना जवळपास काय दाखविले?

याचे एक उदाहरण देतो. खेळ दुसऱ्यांदा काढला गेला त्याच्या आदल्याच दिवशी, २७ जुलै २०२२ रोजी, गुगलने भारतातील दहा शहरांचे रस्ते पडद्यावर फिरून पाहण्याची सोय सुरू केली. त्या दहांत आपल्या शेजारचे अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, होते. बीड नव्हते. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात बीडच्या जहागीरदाराने खजाना बावडी बांधविली. जमिनीखालच्या भुयारांतून पाणी आणून ते शेतांना पोहोचविण्याची ती योजना साडेचारशे वर्षांची आहे. शहरापासून सायकलने जाता येईल इतकी ती जवळ आहे. माझ्या वर्गात पोचिंकीतील प्रत्येक विहिरीची माहिती असलेली मुले होती, आणि बावडीत उतरलेली मुले मोजकीच.

तेव्हा आम्ही वर्गात एक साधे काम केले. मुलांना एरांगलचा नकाशा आठवणीने काढावयास सांगितला. प्रमाण, दिशा, सूची, सगळे हवे. एरवी नकाशा म्हटले की पोटात दुखणाऱ्या मुलांनी दोन तास मान वर केली नाही. यास्नाया पोल्याना हे गाव कोठे, यावरून दोघांत वाद झाला, आणि त्याच नावाच्या गावी टॉलस्टॉय राहात होते, त्यांची गांधीजींशी पत्रापत्री होती, हे सांगण्याची मला आयती संधी मिळाली. तो तास माझ्या सर्वांत बऱ्या तासांपैकी एक झाला. दुसऱ्या आठवड्यात तेच नियम ठेवून स्वत:च्या ठिकाणाचा नकाशा काढावयाचा होता.

मुली पहिल्या तासाला गप्प होत्या. त्यांच्या हाती मोबाईल येतच नाही, त्यांनी पोचिंकी पाहिलेली नव्हती. हा मुद्दा मी पालकांसमोर मुद्दाम ठेवतो, कारण 'आमच्या मुलीला ते व्यसन नाही' असे आपण अभिमानाने सांगता तेव्हा तिला जावयास दुसरी कोणती जागा आहे, हे सांगत नाही. दुसऱ्या तासाला बहुतेक मुलींनी नानीचे घर काढले. एकीने धारूरच्या किल्ल्याची वाट काढली. ती पाचवीत असताना एकदाच गेली होती, परंतु बुरूज बरोबर जागी होते. दोघा मुलांनी खजाना बावडी काढली. त्यासाठी ते रविवारी सायकलवर जाऊन आले, आणि किती पायऱ्या उतरलो यावर त्यांचे अजून एकमत नाही.

हे नकाशे सभागृहाच्या मागच्या भिंतीवर लावले आहेत. चहापानाच्या वेळी अवश्य पाहावेत. नकाशे काढणाऱ्यांना जवळच उभे राहावयास सांगितले आहे. त्यांना विचारले तर ते सांगतील, फक्त मध्येच "हे कशाला काढलेस" असे म्हणू नये. उजवीकडून तिसरा नकाशा ऊसतोडीच्या तळाचा आहे. त्यावर गावाचे नाव लिहिलेले नाही, कारण तळ दर हंगामाला बदलतो, असे त्या मुलाचे म्हणणे. कोपी ओळीने काढल्या आहेत, बैलांची दावण, पाण्याची टाकी, कारखान्याचा धूर. एका लिंबाच्या झाडाखाली फुली मारून त्याने बारीक अक्षरांत लिहिले आहे: येथे रेंज येते.